बोटाला पट्टी

गेल्या उन्हाळ्यात टेकड्यांवर गवत म्हणून उगवलं नाही, आणि त्याचं फळ मार्चमध्ये दिसायला लागलं. गाभण गाया हिवाळाभर अर्धपोटी राहिल्या होत्या. त्यात पहिलारू कालवडींचे तर हाल विचारू नका. वासरू अडायचं, नाहीतर सुटून खाली पडायचं आणि उठायचंच नाही. नेब्रास्कातल्या आमच्या या वाळूच्या टेकड्यांत मार्च महिना तसाही माणसाला झोपू देत नाही, पण त्या वर्षी घरोघरी डोळे लाल होते आणि जो तो दुसऱ्यावर खेकसत होता.

शुक्रवारी संध्याकाळी रासमुसनांच्या गोठ्यात मार्लिस एका कालवडीच्या मागं गुडघे टेकून बसली होती. तिचा हात कोपराच्या वर आत गेला होता आणि गाल कालवडीच्या मांडीला टेकला होता. तिचा नवरा ड्वेन साखळी घेऊन शेजारी उभा होता. ड्वेनचा पंजा फावड्याएवढा, तो आत जाणार कसा? त्या घरात अडलेली गाय सोडवायची ती मार्लिसनंच. दिवसभर शाळा करून आल्यावरसुद्धा.

"सापडला का पाय?"

"एक सापडला. दुसरा मागं दुमडलाय. थांब, कळ ओसरू दे."

"लवकर कर गं."

"तू घाल हात, मी साखळी धरते."

ड्वेननं साखळी दुसऱ्या हातात घेतली. पलीकडं त्यांची बारा वर्षांची मुलगी शेल्बी कालवडीची शेपटी बाजूला ओढून धरून तिला काहीबाही सांगत होती. "झालं हं, झालं आता. आई आहे ना." कालवड तिचं ऐकत होती की नाही देव जाणे, पण उभी राहिली होती हे खरं.

पाय सरळ झाला. ड्वेननं साखळी अडकवली, तिघांनी मिळून ओढलं आणि वासरू भुईवर आलं. शेल्बीनं पटकन त्याच्या नाकात गवताची काडी घातली. वासरू शिंकलं. पोर खळखळून हसली.

ड्वेननं गवतानं हात पुसले. "मग उद्याचं काय? जाणार म्हणतेस?"

"सकाळी अर्लीन येणार आहे न्यायला."

"तीन पहिलारू मोकळ्या व्हायच्यात, आणि तू चाललीस मास्तरणींच्या जत्रेला."

"एक दिवसाचा तर प्रश्न आहे."

"शाळा मे महिन्यात बंद होतीये, मार्लिस. बंद होणाऱ्या शाळेच्या बाईला आता आणखी काय शिकायचंय?"

मार्लिस उत्तर द्यायला गेली आणि तिनं शेल्बीकडं पाहिलं. शेल्बीनं मान खाली घातली आणि उगाच वासराचे कान चोळायला लागली.

"जाऊन येते," मार्लिस म्हणाली. "तीनच्या आत परत."

आता हे काय गौडबंगाल होतं ते सांगून टाकतो. मार्लिसची शाळा म्हणजे रस्त्याच्या कडेची एक खोली. तीत पाच पोरं आणि त्यांच्यावर एक बाई. शेल्बी पहिलीपासून तिथंच, आपल्या आईच्याच हाताखाली. पहिल्याच दिवशी मार्लिसनं तिला बजावलं होतं, "घरी आई. शाळेत बाई. शाळेत आई म्हणायचं नाही, बाकीच्यांना वाटेल तुझे लाड होतात." शेल्बीनं ते इतकं मनावर घेतलं की ती पायरी चढताना 'आई' म्हणायची आणि उंबरा ओलांडला की 'बाई'.

तर या शेल्बीला वाचता येत नव्हतं. चुकतमाकत, अडखळत असं नव्हे. येतच नव्हतं.

पहिलीत मार्लिसला वाटलं, उशिरा शिकेल. दुसरीतही तसंच वाटलं. तिसरीत पाठीमागून आलेली पोरं पुढं गेली आणि शेल्बी पुस्तकावर डोकं ठेवून रडली, तेव्हा मार्लिसनं वाकून हळूच तिच्या कानात शब्द सांगितला. शेल्बीनं तो मोठ्यानं म्हटला. तिथून सुरुवात झाली. पुढं धडा आदल्या रात्री स्वयंपाकघरात म्हणून घ्यायचा, शेल्बीनं तो पाठ करायचा. पाठांतर असं की पाद्र्यानं लाजावं. तपासणीला वरचे साहेब यायचे त्या दिवशी मार्लिस सकाळी तिच्या उजव्या हाताच्या बोटाला पट्टी बांधायची. "खोगिराच्या पट्ट्यात सापडलं," असं सांगायचं. साहेब म्हणायचे, अरेरे, राहू दे, लिहू नको. ड्वेनला यातलं काही माहीत नव्हतं. तो जेवताना थट्टा करायचा, "गोठ्यात साखळ्या ओढते तेव्हा या पोरीला काही होत नाही. शाळेत पेन्सिल धरली की हिचं बोट मोडतं."

मायलेकी तेव्हा ताटात बघायच्या.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ ऑगस्टमध्ये उघडणार होती. शाळा बंद झाली की शेल्बी मोठ्या गावातल्या शाळेत जाणार, आणि तिथं प्रत्येक नव्या पोराला पहिल्याच दिवशी समोर उभं करून वाचायला लावतात. मग म्हणणार काय? बाईची पोर आणि दिव्याखाली अंधार. लोक मार्लिसला काय म्हणतील ते जाऊ द्या. शेल्बीला पहिलीतल्या पोरांच्या खुर्चीत बसवतील, या विचारानं मार्लिसला घास जात नव्हता. तिनं जेवढे उपाय ऐकले तेवढे केले होते. पिठात बोटानं अक्षरं काढली, रंगीत कागद पुस्तकावर ठेवले, गाणी केली. अर्लीन जेव्हा म्हणाली की शनिवारी सगळ्या तालुक्यातले शिक्षक जमणार आहेत, तेव्हा मार्लिसला वाटलं, एवढ्या माणसांत एकाला तरी माहीत असेल.

अर्लीन पलीकडच्या खोऱ्यातल्या शाळेची बाई. तोंडाची फटकळ, पण मनानं बरी. वाटेत तिनं पिकअप चालवता चालवता अर्धा रस्ता नवऱ्याला आणि अर्धा वाऱ्याला शिव्या दिल्या. मार्लिसचं लक्ष नव्हतं.

मोठ्या गावातल्या शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये शंभरेक शिक्षक जमले होते. दारातच प्रत्येकाला पेन देऊन नाव लिहायला लावत होते, ती चिठ्ठी छातीला चिकटवायची. समोरची भिंत कोरी होती. तिच्यावर फक्त खोल्यांची नावं आणि वेळा.

पेनी नावाची एक तरुण शिक्षिका खुर्चीवर चढली. "आज इथं कुणी साहेब येणार नाही. कुणी भाषण ठोकणार नाही," ती म्हणाली. टाळ्या पडल्या. "विषय तुमचे. चिठ्ठीवर लिहा, भिंतीला लावा, तीच आजची सभा. आणि नियम एकच. दोन पायांचा. ज्या खोलीत आपल्याला काही मिळत नाही तिथं बसून राहायचं नाही. उठायचं आणि दुसऱ्या खोलीत जायचं. आणि कुणी उठून गेलं तर राग मानायचा नाही."

"माझ्या नवऱ्याला हा नियम आधीपासून ठाऊक आहे," अर्लीन म्हणाली. आजूबाजूच्या बायका खिदळल्या.

मार्लिस कोपऱ्यात जाऊन चिठ्ठीवर लिहायला लागली. दोनदा फाडली. तिसऱ्यांदा तिनं लिहिलं, 'बारा वर्षांच्या मुलीला वाचता येत नाही. काय करावं?' चिठ्ठीवर नाव लिहायचं म्हणून नाव लिहिलं आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून भिंतीच्या खालच्या कडेला लावली. चोराच्या मनात चांदणं. लक्ष कुणाचंच नव्हतं.

भिंत भरली तशी गर्दी झाली. मार्लिसच्या शेजारी या शाळेतले सुतारकामाचे मास्तर उभे होते, नॉर्बर्ट नोवोत्नी. साठीला आलेला, रुंद खांद्यांचा माणूस. उजव्या हाताच्या बोटाला पट्टी होती. सुताराच्या बोटाला पट्टी, यात नवल ते काय.

"अर्लीनबाई," ते म्हणाले, "माझा चष्मा गाडीत राहिला. काय काय लावलंय जरा वाचा की."

अर्लीननं एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाचली. फोन आणि पोरं. गणिताचे खेळ. पालक भांडायला आले तर. मग खालची चिठ्ठी वाचली आणि तिचा आवाज किंचित अडखळला. ती मार्लिसकडं न बघता पुढच्या चिठ्ठीवर गेली.

मार्लिसची चिठ्ठी पेनीनं भिंतीवर 'वाचनालय' या नावाखाली सरकवली, सकाळची दुसरी सभा. मार्लिस लवकर जाऊन मागच्या ओळीत बसली. मांडीवर कोरा कागद, हातात पेन. खोली भरायला लागली. खुर्च्या संपल्या तेव्हा माणसं खिडकीच्या कट्ट्यावर बसली. एवढी माणसं बघून मार्लिसचा जीव भांड्यात पडला. एवढ्या सगळ्यांना याबद्दल काही सांगायचंय!

पण बोलेना कुणीच. सगळ्यांच्या मांडीवर कागद आणि सगळ्यांच्या हातात पेन.

पेनीनं दारातून डोकं आत घातलं. "काय, सुरू नाही केलं? मार्लिस कोण?"

मार्लिसनं हात वर केला.

"अहो, मग पुढं या की. जिची चिठ्ठी तिनं सुरुवात करायची."

माना वळल्या. मार्लिसला आपल्या नखात कालच्या रक्ताची रेघ राहिली आहे ते तेवढ्यात दिसलं. ती मूठ मिटून पुढं गेली.

"मला वाटलं..." ती म्हणाली. "मी विचारलं होतं. मला वाटलं, कुणीतरी सांगेल."

दोघंतिघं हसले. कुत्सितपणे नव्हे. पुढच्या ओळीतली एक बाई म्हणाली, "आम्हाला वाटलं तुम्हाला उपाय सापडलाय. माझ्याकडं अशी दोन पोरं आहेत."

"माझ्याकडं चार," कुणीतरी म्हणालं.

"बरं, तुम्ही काय काय केलंत ते सांगा," पेनी म्हणाली आणि निघून गेली.

मार्लिसनं सांगितलं. पीठ, रंगीत कागद, गाणी. आपला आवाज आपल्यालाच लांबून ऐकू येतोय असं तिला वाटत होतं. दारापाशी बसलेले दोघं उठले. जाताना त्यांनी हसून मान हलवली, नियमाप्रमाणे. तिनंही हसून मान हलवली, नियमाप्रमाणे.

एक तरुण शिक्षिका म्हणाली, "याला नाव आहे, बाई. याची रीतसर तपासणी होते. तुम्ही शहरातल्या तपासणीवाल्यांना कळवलंत का?"

"नाव माहितीये मला. त्याला काय लागतं?"

"शाळेनं सांगायचं, की हे मूल वाचत नाही. मग ते रांगेत नाव घालतात. वेळ लागतो, पण होतं."

"शाळेनं सांगायचं," मार्लिस म्हणाली.

"म्हणजे तिच्या बाईंनी."

शाळा म्हणजे तीच होती. सहा वर्षं वर कळवत आली होती की मुलगी छान वाचते. आज ती काय सांगणार?

"एक विचारू?" खिडकीतल्या माणसानं हात वर केला. "बारा वर्षांची झाली म्हणता. मग इतकी वर्षं तिच्या बाई काय करत होत्या?"

त्यानं सरळ मनानं विचारलं होतं. मार्लिसचे कान तापले.

"शिकवत होत्या," ती म्हणाली.

पलीकडच्या खोलीत हशा पिकला. तिथं गणिताचे खेळ चालले होते. आणखी चौघं उठले. मग एक ओळच उठली. मार्लिस बोलत राहिली, कारण थांबलं तर काय करायचं ते तिला कळत नव्हतं. कागद गोळा होत होते, खुर्च्या सरकत होत्या, प्रत्येकजण जाताना हसत होता. शेवटी अर्लीन उठली. "मी जरा पलीकडं बघून येते हं," ती म्हणाली आणि मार्लिसच्या डोळ्याला डोळा न देता गेली. तरातरा घर गाठावं असं मार्लिसला वाटलं. पण दोन पायांचा नियम ऐकणाऱ्यांसाठी होता. बोलणाऱ्यानं कुठं जायचं ते पेनीनं सांगितलं नव्हतं.

खोलीत एकच माणूस उरला. नॉर्बर्ट नोवोत्नी.

"चालू द्या," ते म्हणाले.

"आता कुणाला सांगू? सगळे गेले."

"मी आहे ना."

"मास्तर, तुम्ही सुतारकाम शिकवता. तुम्हाला वाचनाचं काय करायचंय?"

नोवोत्नी उठले. मार्लिसला वाटलं हेही चालले. त्यांनी दार लावलं आणि परत येऊन पुढच्या ओळीत बसले.

"ती पोरगी," ते म्हणाले, "वाचायचा नंबर जवळ आला की बाहेर जाते का? पाणी प्यायला?"

मार्लिसनं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं.

"आधी दोन पोरं असताना की तीन?"

"दोन," ती म्हणाली.

"तीन पाहिजेत. दोन म्हणजे उशीर होतो. एखादं पोर अडखळलं आणि मास्तरनं त्याला सोडून दिलं, की मेलात." त्यांनी उजवा हात वर केला आणि बोटाची पट्टी उलगडली. आतलं बोट धडधाकट होतं. साधा ओरखडा नव्हता. "आज दारात पेन देतायत हे मला आधीच कळलं होतं. म्हणून."

त्यांच्या छातीवरच्या चिठ्ठीवर त्यांचं नाव होतं, पेनीच्या गोलगोल अक्षरात.

मार्लिस खुर्चीवर बसली. "तुम्ही मास्तर आहात," ती म्हणाली.

"लाकडाला अक्षर लागत नाही. मापं आकड्यांची, आकडे मला येतात. बाकी सगळं बायको बघायची. टपाल, शाळेचे कागद, सगळं. ती गेल्या नाताळात वारली. टपाल फ्रीजवर ठेवतो. आता मावत नाही. कशात काय आहे कुणास ठाऊक. कुणाला दाखवू?"

बाहेर कुणीतरी जेवणाची घंटा वाजवली. दोघंही हलले नाहीत.

"अर्लीनबाईंनी तुमची चिठ्ठी वाचली, आणि मला वाटलं, चला, सापडला कुणाला तरी उपाय. मी लिहून घेतलं नसतं, पण लक्षात ठेवलं असतं. माझ्या सगळं लक्षात राहतं."

"माझ्याकडं उपाय नाही, मास्तर."

"ते पहिल्या पाच मिनिटांत कळलं."

"मग उठला का नाहीत?"

"कुठं जाऊ?" ते म्हणाले.

मार्लिसला रडू आलं. तिनं ते आवरायचा प्रयत्नही केला नाही. नोवोत्नींनी तिच्याकडं न बघता पट्टी पुन्हा बोटाला गुंडाळायला घेतली. एका हातानं आणि दातानं, सराईतपणे.

"पहिली कुणी बांधली?" तिनं विचारलं.

"काय?"

"पट्टी. पहिली पट्टी."

"आईनं," ते म्हणाले. "फार माया होती तिची माझ्यावर."

जेवायला चिली होती, म्हणजे मांस-राजम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे गोड रोल. आमच्याकडं शाळेच्या जेवणाला हे दोन्ही एकत्रच लागतं, परक्या माणसानं नाक मुरडलं तर मुरडू दे. मार्लिसनं घेतलं आणि तसंच ठेवलं. शेवटी सगळ्यांना गोल बसवलं आणि आज काय मिळालं ते एकेकानं सांगायचं असं ठरलं. पाळीपाळीनं सांगणं पुढं सरकत होतं आणि समोर भिंतीवर सांगायचे मुद्दे लिहून ठेवले होते, ते वाचून बोलायचं होतं. नोवोत्नींच्या आधी तीन माणसं राहिली तेव्हा ते उठले आणि पाणी प्यायला गेले. मार्लिस त्या रिकाम्या खुर्चीकडं बघत राहिली. तिचा नंबर आला.

"रोल छान होते," ती म्हणाली.

सगळे हसले.

परतताना अर्लीननं बराच वेळ कुणालाच शिव्या दिल्या नाहीत. टेकड्या सुरू झाल्यावर ती म्हणाली, "तुझ्या शाळेत बारा वर्षांची एकच पोर आहे, मार्लिस."

मार्लिस काचेतून बाहेर बघत होती.

"मी उठून गेले ती म्हणूनच. मला तिथं बसवेना."

"मलाही बसवत नव्हतं," मार्लिस म्हणाली.

"ड्वेनला माहितीये?"

"नाही."

फाटकापाशी अर्लीननं गाडी थांबवली आणि मार्लिसच्या गुडघ्यावर हात ठेवला. एवढंच.

तीनचे पाच झाले होते. गोठ्याचं दार उघडं होतं. ड्वेन भिंतीला टेकून भुईवर बसला होता आणि समोर एक कालवड आडवी पडून कण्हत होती. शेल्बीची बाही खांद्यापर्यंत रक्तानं भिजली होती.

"दुपारपासून अडलीये," ड्वेन म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, राग असता तर बरं वाटलं असतं. "डॉक्टर पलीकडच्या खोऱ्यात अडकलाय. पोरीनं हात घातला. डोकं मागं वळलंय म्हणते."

"मला सापडलं होतं गं आई, वळवायला जोरच पुरेना."

मार्लिसनं अंगातला चांगला कोट काढून फेकला. हात आत घातला. डोकं सापडलं, तोंडही सापडलं. जीभ गार होती. तिनं कुणाला काही सांगितलं नाही, डोकं वळवलं, साखळी मागितली. तिघांनी ओढलं. कालवड वाचली. वासरू केव्हाच गेलं होतं.

शेल्बीनं तरीही त्याच्या नाकात काडी घातली.

"राहू दे, बाळ," ड्वेन म्हणाला. त्यानं खिशातून सुरी काढली.

दुसऱ्या एका गायीच्या जुळ्यातलं एक वासरू होतं, आईनं लाथाडलेलं. सकाळपासून कोपऱ्यात दिव्याखाली खोक्यात पडून होतं. ड्वेन आणि मार्लिस मेलेल्या वासराची कातडी सोलायला बसले. चारही पायांना भोकं ठेवून, एखादा सदरा उतरवावा तशी. तिची वाफ निघत होती. ती कातडी या पोरक्या वासराला चढवायची, सुतळीनं पोटाखाली बांधायची. कालवड हुंगते, आपला वास लागला की आपलं म्हणते. आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या हेच करतात.

"किती दिवस ठेवायचं हे त्याच्या अंगावर?" शेल्बीनं विचारलं. तिला माहीत होतं, तरी विचारलं.

"चार-पाच दिवस. मग सडायला लागतं."

"आणि काढल्यावर गायीनं मारलं तर?"

"एखादी मारते. पण काढावं तर लागतंच. नाहीतर वासरू आत घाण होऊन मरतं."

मार्लिसचा हात सुतळीवर थांबला. मग तिनं गाठ मारली.

वासरू अशक्त होतं. उभं राहायला जाई आणि कोसळे. "आधी थोडं पावडरीचं दूध पाजू, मग सोडू तिच्याकडं," ड्वेन म्हणाला. त्यानं कोपरानं नव्या पिशवीकडं दाखवलं. "ही दुसऱ्याच कंपनीची दिलीय त्यानं. माझे हात असे बरबटलेत. शेल्बी, वाच गं, किती पाणी घालायचं."

शेल्बीनं पिशवी उचलून दिव्याखाली धरली. तिचे डोळे डावीकडून उजवीकडं फिरले, ओठ हलले. सगळं बरोबर, कुणीही फसलं असतं. मग तिनं आईकडं पाहिलं. अशा वेळी मार्लिस सहज म्हणायची, "दोन लिटर असेल ना गं?" आणि शेल्बी म्हणायची, "हो, दोन लिटर." इतक्या वर्षांत त्यांचं कधी चुकलं नव्हतं.

मार्लिसनं तोंड उघडलं. आणि मिटलं. तिला तिच्या आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी भीती वाटत होती. पोटच्या पोरीचा हात पुरात सोडून द्यावा तसं वाटत होतं. पण ती बोलली नाही.

"काय गं? किती?" ड्वेन म्हणाला.

शेल्बी आईकडं बघत राहिली. आधी वाट बघत, मग घाबरून, मग चिडून. कालवडीनं मागं एक लांब श्वास सोडला.

शेल्बीनं पिशवी खाली ठेवली. गुडघ्यापर्यंतचे बूट, खांद्यापर्यंत वाळलेलं रक्त, तशीच ती हात बाजूला घेऊन सरळ उभी राहिली. वर्गात उभी राहते तशी. बापाकडं तिनं पाहिलंच नाही.

"बाई," ती म्हणाली. "बाई, मला वाचता येत नाही."

ड्वेन हसला. "आता ही काय नवीन थट्टा? बोट मोडलं वाटतं परत?"

कुणीच हसलं नाही. त्यानं शेल्बीकडं पाहिलं, मग मार्लिसकडं, आणि त्याचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं.

"तिचं बोट कधीच मोडलं नव्हतं, ड्वेन," मार्लिस म्हणाली. "पट्टी मी बांधायचे."